आबांच्या धंद्याला स्थळ पाहताना

माझं लग्न एका गैरसमजावर जमलं. मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" आमच्या मामांनी मिशीवर हात फिरवत सांगितलं, "पट्टेवाला आहे. अख्खा जिल्हा ओळखतो." सासऱ्यांना वाटलं, कलेक्टर कचेरीत शिपाई असणार. सरकारी नोकरी, पेन्शन, आणखी काय पाहिजे! साखरपुडा उरकला. जावई मोपेडला पिशव्या लटकवून मशीनचे रबरी पट्टे विकतो, हे त्यांना लग्नानंतर कळलं. पुढची दोन वर्षं ते माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलले. बायको मात्र म्हणाली, "शिपाई असतात तर रोज साडेपाचला घरी आला असतात. हेच बरं आहे."

तर मी पट्टेवाले नाना. मोटर फिरते, पट्टा ती गती मशीनला पोचवतो. पिठाची गिरणी असो, दालमिल असो की उसाच्या रसाचा चरक, पट्टा तुटला की सगळं ठप्प. जळगावहून एकीकडे सावद्यापर्यंत आणि दुसरीकडे धुळ्यापर्यंत मी चौतीस वर्षं हे पट्टे पोचवले. या कामात एक गंमत आहे. मालक खोटं बोलतो, पट्टा बोलत नाही. मशीन चाललं तरच पट्टा झिजतो. दारावर रंगीत पाटी, काउंटरवर फुलदाणी आणि पट्टा तीन वर्षं तोच, म्हणजे आतून ठणठणाट. उलट पत्रे गंजलेले, मालकाची खुर्ची सुतळीने बांधलेली आणि पट्टे वर्षाला सहा लागतात, तिथे लक्ष्मी मागच्या दाराने येऊन बसलेली असते. कुणाचंही चोपडं न उघडता मला सगळ्यांची नाडी कळत होती.

त्यातूनच दुसरा उद्योग मागे लागला. चालता धंदा विकायचा म्हटलं की आपल्याकडे माणूस पाटी लावत नाही. पाटी लावली की लोक म्हणतात, बुडाला बिचारा. मग कुणीतरी मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचा, "नाना, गुडघे थकले. कुणी चांगला घेणारा असला तर सांगा." म्हणजे उपवर मुलीसाठी सांगतात तसंच. मग मी स्थळ बघायचो, दोन्हीकडच्या खोड्या सांगायचो, बैठक करायचो, आणि जमलं तर पोटभर जेवायचो. निवृत्त झाल्यावर पट्टे मुलाकडे गेले आणि हा उद्योग माझ्याकडे उरला.

लोक विचारतात, चांगला धंदा ओळखायचा कसा? माझं उत्तर असं, की ज्याचं नाव सांगताना वधूपित्याला थोडी लाज वाटते तो धंदा आधी बघावा. सावद्याच्या एक अक्का होत्या. केळी आणि फळं भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटी तुटतात, त्या अक्का तापल्या लोखंडाने सांधून द्यायच्या. शेडमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास, बसायला उलटी कॅरेट. मी म्हटलं, "अक्का, धंदा जोरात दिसतो." त्या म्हणाल्या, "कायचा धंदा भाऊ! लोक आनतात, जोडून देनं पडते, बस." बाहेर कॅरेटींचे मनोरे पत्र्याला टेकले होते. अक्कांना मुलाकडे नाशिकला जायचं होतं. त्यांच्यासाठी मी वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक भाऊ आणले. या भाऊंना घरी बसून बायकोच्या डब्यांना नंबर घालायची सवय लागली होती, त्यामुळे सौदा व्हावा अशी सर्वांत जास्त इच्छा वहिनींची होती. आता त्या शेडमधल्या कॅरेटी कवायतीला उभ्या केल्यासारख्या दिसतात आणि वहिनी मला दर दिवाळीला अनारसे पाठवतात.

सगळेच अनारसे गोड निघाले असं नाही. धुळ्याच्या रस्त्यावर शेवभाजीचं एक हॉटेल होतं. दुपारी उभं राहायला जागा नसायची. मी मसाल्याच्या चक्कीचा पट्टा पाहिला, गर्दी पाहिली आणि एका निवृत्त गुरुजींना ते घ्यायला लावलं. टेबलं आली, भांडी आली, चक्की आली. मसाला भाजणारी मालकाची विधवा वहिनी मात्र सौद्यात नव्हती, आणि ते विचारायचं मलाच सुचलं नाही. चार महिन्यांत माश्याही येईनात. गुरुजी मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवतो. तेव्हापासून सौद्याआधी मी पहिला प्रश्न विचारतो, की यात हात कुणाचा आहे?

आता मूळ गोष्टीकडे येतो, म्हणजे भिका आबांकडे.

आबा अमळनेरकडच्या खेड्यातले. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने याचं नाव भिका ठेवलं. आमच्याकडे अशी नावं घरोघर सापडतात, भिका, दगडू, उकिरडा. नाव ऐकूनच दृष्ट परत जावी हा हेतू. आबांची जळगाव एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत शेड होती. काम दालमिलचे रोल दुरुस्त करायचं. तुरीची साल काढायला मिलमध्ये खडबडीत लेपाचा एक लोखंडी रोल असतो, त्यावर तूर घासली जाते. लेप झिजला की साल निघत नाही नाहीतर डाळीचा चुरा होतो. मग तो रोल उतरवून आबांकडे. जुना लेप फोडायचा, नवा चढवायचा, वाळवायचा, फिरवून एकसारखा करायचा. शेवटी आबा बोटाच्या पेराने रोलवर टकटक करत कान लावायचे. आवाज बद्द आला, की आत पोकळी आहे, पुन्हा फोडा. एवढी मोठी जळगावची डाळ, पण आबांच्या पेराखालून गेल्याशिवाय तिची साल निघत नव्हती. त्यांना वर्षाला अकरा पट्टे लागायचे! माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत तो उच्चांक होता.

आणि आबांना विचारा, "कसं चाललंय?"

"काय नही रे भो, चाली ऱ्हायनं."

हे तर सगळेच म्हणतात. खानदेशात धंदा चांगला चाललाय असं तोंडाने म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण बाकीचे हे दुकानात म्हणतात आणि घरी जाऊन खरं सांगतात. आबांनी घरीही सांगितलं नाही. तरुणपणी त्यांची लाकडाची वखार होती. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुण्यांच्या पंक्तीत ते बोलून गेले की यंदा फार जोरात आहे, आणि आठवड्यात वखार जळाली. विजेच्या तारेने जळाली, पण आबांच्या लेखी जिभेने जळाली. आईने लेकाचं नाव भिका ठेवलं, लेकाने धंद्यालाही मनातून तेच ठेवलं. "यामा काय राम नही शे," हे वाक्य ते घरात सकाळ-संध्याकाळ म्हणत राहिले.

त्यांची एकुलती एक लेक रूपाली हे ऐकत मोठी झाली. पोरगी शेडमध्येच वाढलेली. पाना-हातोड्याशी बाहुलीसारखं खेळलेली. बारावीनंतर एकदा तिने मला गाडीजवळ गाठलं. "नाना, खरं सांगा, आबांचा धंदा कसा आहे? मला यात यायचंय. आबा म्हणतात, यात काही नाही, शिक आणि सुट."

माझ्या पिशवीत त्याच दिवशी तिच्या बापाचे तीन नवे पट्टे होते. पण मालकाने सांगितल्याशिवाय त्याच्या धंद्याची नाडी तिसऱ्याला सांगायची नाही, हा माझा नेम. मी म्हणालो, "चाललंय बेटा."

पोरीने मान हलवली. पुढे ती फिटरचं शिकली, धुळ्याला लग्न करून गेली आणि तिथे एका खाजगी आयटीआयमध्ये करारावर पोरांना फिटरचं काम शिकवू लागली. दर वर्षी करार पुन्हा होईल की नाही याची धाकधूक. चौदा वर्षं तिने तशी काढली. माझा नेम मला त्या दिवशी फार थोर वाटला होता. आता विचाराल तर सांगतो, तो भित्रेपणा होता.

दोन वर्षांपूर्वी आबांचे गुडघे पूर्ण बसले. डॉक्टरांनी उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. आबांनी ठरवलं, आखाजी झाली की शेड भंगारात. मी हादरलो. म्हटलं, "आबा, मी स्थळ आणतो. तुम्ही फक्त एकदा, एकदाच, तोंडाने म्हणा की धंदा चांगला आहे."

"म्हनसू," आबा म्हणाले.

पहिलं स्थळ पुण्याहून आलं. आजकाल अशी मुलं येतात. कुठेतरी वाचलेलं असतं की जुने, दुर्लक्षित, नफ्यातले छोटे धंदे हुडकून विकत घ्यावेत. विचार उत्तम आहे, मी आयुष्यभर तेच केलं. हा मुलगा नम्र होता, बूट पुसून आत आला. त्याने विचारलं, "आबा, हा धंदा स्केल होईल का?" आबांनी खण उघडला आणि दीड फुटाची पोलादी स्केल त्याच्या हातात दिली. "हाई ले." त्या बिचाऱ्याने ती जपून धरली. मग त्याने विचारलं, "बरं, धंदा कसा आहे?" मी आबांकडे पाहिलं. आबांनी ओठ उघडले, आणि त्यातून बाहेर आलं, "काय नही रे भो, उगीच टाइमपास." मुलगा चहा पिऊन गेला, जाताना स्केल परत देऊन गेला.

दुसरं स्थळ भुसावळचं होतं, जाणकार. त्यालाही आबा म्हणाले, "दुसरं काही बघा." मी बाहेर येऊन कपाळाला हात लावला. माझ्या आयुष्यात नकार देणाऱ्या मुली पाहिल्या होत्या. स्वतःच्या मुलीची निंदा करणारा बाप पहिल्यांदा पाहिला.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी रूपाली आली. सणाचा झोका, पुरणाची खापरावरची पोळी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांना रिक्षात घालून शेडवर आवरायला घेऊन आली. मीही गेलो होतो, मयताला जावं तसा. भंगारवाला टेम्पो घेऊन हजर होता. पण टेम्पोला आत यायला जागा नव्हती, कारण दारात नऊ रोल पडलेले होते. तूर बाजारात आलेली, मिलांचा हंगाम, आणि शेड बंद होणार म्हणून ज्याने त्याने आपला रोल आधी आणून टाकलेला. एक मिलवाला हात जोडून आबांना म्हणत होता, "आबा, एवढा एक करून द्या, माझी मिल बंद उभी आहे." दुसरा म्हणत होता, "याच्याआधी माझा."

रूपाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. फिटरची मास्तरीण ती. तिने एका रोलवरचा लेप नखाने खरवडला, मशीनचा पट्टा हाताने दाबून पाहिला, तो नवा होता. मग माझ्याकडे वळली.

"नाना, हा पट्टा कधीचा?"

"दीड महिन्याचा," मी म्हणालो.

"वर्षाला किती लागतात?"

या वेळी मी नेम मोडला. "अकरा."

ती आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, खरं सांगा. धंदा कसा आहे?"

भंगारवाला, दोन मिलवाले, चार कामगार आणि मी, सगळे आबांच्या तोंडाकडे बघत होतो. आबांनी छताकडे पाहिलं, गुडघे चोळले. मग हळूच म्हणाले, "पहिले मीठ-मोहरी उतारी टाक, मंग सांगस."

आयटीआयची मास्तरीण असल्या गोष्टी मानत नाही. पण बापाचा चेहरा बघून ती गल्लीच्या तोंडाशी पोह्यांच्या गाडीवर गेली आणि मूठभर मीठ-मोहरी घेऊन आली. तिने ती मशीनवरून उतरवली, रोलांवरून उतरवली, मग आबांवरून उतरवली आणि लेप वाळवायच्या शेगडीत टाकली. तडतड झाली. आबांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मला एक शब्द ऐकू आला नाही. मला फक्त रूपालीचं तोंड दिसत होतं. ती शेजारच्या रोलवर मटकन बसली.

आधी ती रडली. "चौदा वर्षं आबा! चौदा वर्षं मी दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याच्या पोरांना शिकवलं. मला वाटायचं, बापाने कर्जात बुडून मला शिकवलं. मी नवीन साडी घेताना तुमचा विचार करायचे!"

"दृष्ट लागती ना बेटा," आबा म्हणाले. "तुले लागती."

मग ती हसायला लागली, हसता हसता पदराने नाक पुसलं, आणि भंगारवाल्याला म्हणाली, "दादा, टेम्पो मागे घ्या. हे मी घेतेय."

"घे ना, तुन्हंच शे," आबा म्हणाले.

"फुकट नाही. विकत."

"पोटनी पोरले इकू? लोके काय म्हंतीन?"

"फुकट घेतलं तर तुम्ही रोज येऊन सांगाल, यात काही राम नाही. विकत द्यायचं तर किंमत सांगावी लागेल. सांगा."

मग जो सौदा झाला, तसा मी चौतीस वर्षांत पाहिला नाही. आबांनी आधी भंगारवाल्याचा भाव सांगितला. रूपालीने वर चढवला. आबांनी मशीन जुनं आहे म्हणून खाली ओढला. तिने कामगारांचा हात बसलेला आहे म्हणून वर चढवला. विकणारा घासाघीस करत खाली, घेणारी घासाघीस करत वर. मध्यस्थ म्हणून मी कुणाची बाजू घ्यावी हेच मला कळेना. भंगारवालासुद्धा टेम्पोतून उतरून ऐकत बसला आणि एकदा न राहवून म्हणाला, "आबा, ताई बरोबर बोलतेय, जास्त घ्या." शेवटी जो आकडा ठरला तो खऱ्या किमतीच्या जवळपास होता. आबांनी तो मोठ्याने उच्चारला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मग मी माझा प्रश्न विचारला, जो धुळ्याला विचारला नव्हता. "आबा, यात हात कुणाचा आहे?"

आबा म्हणाले, "हात पोरास्ना. कान मन्हा."

रूपालीला ते लगेच कळलं. लेप कामगार पोरं चढवतील, पण पेर वाजवून पोकळी ओळखणं तिला येत नव्हतं. ती म्हणाली, "मग कान कामाला ठेवते. खुर्ची देते, पगार देते. उभं राहायचं नाही."

आबांना आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागली. जावईबापू धुळ्याला औषधांचा माल दुकानांना पोचवतात. त्यांना धुळं काय आणि जळगाव काय. पावसाळ्याआधीच बिऱ्हाड इकडे आलं. माझी दलाली म्हणून रूपालीने मला शेवभाजीचं जेवण घातलं. धुळ्याच्या आठवणीने पहिला घास जरा बिचकतच उचलला, पण भाजी झकास होती आणि मी दोनदा घेतली.

परवा नवीन तुरीच्या हंगामात मी सहज शेडवर गेलो. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर रोलचं टोक, पेर वाजवणं चालू. समोर रूपालीही कान लावून उभी. बद्द आणि टणक यातला फरक तिला आता दहापैकी आठ वेळा कळतो, असं आबा कुरकुरत म्हणाले. तेवढ्यात एक मिलवाला घाईने गाडीवरून उतरला. तीस वर्षांच्या सवयीने तो सरळ आबांपुढे उभा राहिला आणि विचारू लागला, आबा, माझा रोल कधी देता, मिल बंद आहे, काहीतरी करा.

आबांनी मान वर केली नाही. पण आवाज मात्र असा काढला, की गल्लीच्या तोंडाशी पोह्यांच्या गाडीपर्यंत ऐकू जावा.

"माले काय इचारस भो? मालकीनले इचार!"